पंप चालू झाला की फ्लोराइडचं रीडिंग हलतं: एकाच चिपवर पंप आणि सेन्सर

थेंबभर

नमस्कार मंडळी. पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये एम.टेक. करते आहे. प्रकल्प असा, की बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड गावातच, हातपंपाशेजारी उभं राहून मोजता यावं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाणी दिसायला नितळ असतं आणि मुलांच्या दातांवर मात्र डाग असतात. आयएस १०५०० (२०१२) या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलीग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. रंग बदलणाऱ्या किटवर १ आणि १.५ यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणं कठीण, म्हणून आयन-निवडक इलेक्ट्रोड (एका ठरावीक आयनाच्या प्रमाणानुसार व्होल्टेज देणारा सेन्सर) घेतला.

रचना सांगते. अ‍ॅक्रिलिकची चिप, सीएनसीवर मिल केलेली. मुख्य चॅनेल ५०० मायक्रॉन रुंद, १०० मायक्रॉन खोल, ५० मिलिमीटर लांब. त्याच्या शेवटी छोटी खोली, तिच्या छतात लॅन्थनम फ्लोराइडचा छोटा स्फटिक आणि शेजारी क्लोराइड चढवलेली चांदीची तार संदर्भ म्हणून. आत येताना दोन पिझो पंप (विजेने थरथरणाऱ्या चकतीने द्रव ढकलणारे), एक पाण्याचा आणि एक टिसॅबचा, म्हणजे पीएच धरून फ्लोराइड मोकळं ठेवणाऱ्या बफर द्रावणाचा. दोन्ही प्रवाह वाय आकाराच्या तोंडाशी मिळतात. एकूण प्रवाह मिनिटाला १०० मायक्रोलिटर, निम्मा निम्मा. चिप धुताना पंप १०० हर्ट्झला चालवते, मोजताना प्रवाह कमी हवा म्हणून फ्रिक्वेन्सी खूप खाली आणते.

हाच स्फटिक बीकरमध्ये उत्तम चालतो. चिपवर पंप लावला की रीडिंग काही मिलिव्होल्टनी थरथरतं, शिवाय एकच नमुना पुन्हा पुन्हा दिला तरी आकडे सावकाश वरखाली होत राहतात. पंप सेन्सरच्या आधी हवा की नंतर? मोजताना प्रवाह चालू ठेवायचा की थांबवायचा? की पंपच चुकीचा निवडला गेलाय?

डायाफ्राम

मी जर्मनीत सूक्ष्मपंपांवर काम करतो. प्रश्न नेमका मांडल्याबद्दल आभार, मापं दिलीत म्हणून हिशेब करता येतो.

तुमच्या चॅनेलमधून मिनिटाला १०० मायक्रोलिटर पाणी ढकलायला साधारण २३ मिलीबार दाब लागतो. खोली १०० ऐवजी ५० मायक्रॉन असती तर हाच आकडा १७० च्या आसपास गेला असता, कारण दाब खोलीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. या वर्गातल्या पंपांची ताकद समजावी म्हणून बार्टेल्स कंपनीच्या एमपी६ पंपाची माहितीपत्रिका पाहा: १०० हर्ट्झ आणि २५० व्होल्ट पीक-टू-पीकला मिनिटाला सुमारे ७ मिलीलिटर पाणी, आणि दाब ६०० मिलीबारपर्यंत. म्हणजे ताकद कमी पडत नाहीये. उलट, पंप कामाच्या मानाने फार मोठा आहे.

आता ७ मिलीलिटरला मिनिटाच्या ६००० ठोक्यांनी भागा. एका ठोक्याला १.२ मायक्रोलिटरच्या आसपास. तुमच्या अख्ख्या चॅनेलचं आकारमान किती? अडीच मायक्रोलिटर! फ्रिक्वेन्सी खाली आणून दर पंपाला मिनिटाला ५० मायक्रोलिटर मिळवता, तेव्हा प्रत्येक पंप दीड सेकंदाला एकदा ठोका देतो आणि त्या एका ठोक्यात अर्धा चॅनेल भरतो. दोन पंपांचे ठोके एकाच क्षणी पडत नसतील तर सेन्सरसमोरून एकदा पाणी, एकदा टिसॅब, पुन्हा पाणी असे तुकडे जात आहेत. मिश्रण तिथे पोहोचतच नाही.

फ्रिक्वेन्सी न उतरवता व्होल्टेज उतरवलं तर ठोका लहान होतो, पण फार उतरवलं की पंपातल्या निष्क्रिय झडपा नीट उघडत-मिटत नाहीत आणि प्रवाह बेभरवशाचा होतो. त्यामुळे त्यालाही मर्यादा आहे.

शून्यव्होल्ट

प्रवाहाचा हिशेब पटला. पण थरथर हा भाग मला विजेचा वाटतो. साधी चाचणी करा. पंपाची नळी चिपपासून काढा, चिपमध्ये पाणी तसंच थांबलेलं राहू द्या आणि पंप जागेवरच, शेजारी, चालू करा. रीडिंग तरीही थरथरलं तर त्यात पाण्याचा काही संबंध नाही.

कारण सांगतो. पिझोला २५० व्होल्ट पीक-टू-पीक जातात, म्हणजे सुमारे ८८ व्होल्ट आरएमएस. पंपाची तार आणि सेन्सरची तार यांच्यात फक्त १ पिकोफॅरड धारिता धरा. दोन तारा काही अंतर शेजारून गेल्या तरी एवढी होते. १०० हर्ट्झला त्यातून ५५ नॅनोअँपिअर येतात. लहान स्फटिकाचा रोध मेगाओहमच्या घरात धरला तर हे झाले ५५ मिलिव्होल्ट. आणि तुम्हाला १ व १.५ मिलीग्रॅममधला फरक ओळखायचाय तो आहे जेमतेम साडेदहा मिलिव्होल्टचा. कमी वेगाला चौरस लहर देत असाल तर तिच्या प्रत्येक कडेला सेन्सरला झटका बसतो, तो वेगळाच.

थेंबभर

@शून्यव्होल्ट, चाचणी केली. नळी काढली तरी थरथर तशीच आहे. सावकाश होणारं वरखाली मात्र पूर्ण थांबलं. म्हणजे दुखणी दोन आहेत.

शून्यव्होल्ट

छान, आता दोन्ही वेगवेगळी सोडवता येतील. विजेच्या बाजूने सांगतो.

पहिला बफर अँप्लिफायर स्फटिकाच्या अगदी मागे, चिपवरच बसवा. केबल टाकून मग अँप्लिफायर, असं नको. इनपुट करंट फेमटोअँपिअरमध्ये असणारे ऑप-अँप मिळतात, उदाहरणार्थ एलएमपी७७२१. त्याच्या इनपुटभोवती पीसीबीवर गार्ड रिंग (गळती अडवणारं तांब्याचं कडं) काढा आणि ती ऑप-अँपच्या आउटपुटनेच चालवा. सोल्डरिंगनंतर फ्लक्स स्वच्छ धुवा. दमट हवेत फ्लक्समधून होणारी गळती एवढ्या संवेदनशील सर्किटला पुरेशी घातक असते.

पंपाचा ड्रायव्हर वेगळ्या बोर्डवर, मध्ये ग्राउंडला जोडलेला पत्रा. दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एकाच बिंदूत मिळू दे. पाणी चिपमध्ये शिरतं त्या तोंडाशी स्टेनलेस स्टीलच्या नळीचा छोटा तुकडा बसवून तो ग्राउंड करा, म्हणजे द्रवातून येणारा नॉइज तिथेच उतरेल.

एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) असा घ्या की ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी फिल्टरच्या खाचेत पडतील. २४ बिटांच्या सिग्मा-डेल्टा एडीसींमध्ये ही सोय असते. मग पंप नेमका १०० हर्ट्झला चालवा, ९७ किंवा ११० ला नको. वीजवाहिनीचा नॉइज आणि पंपाचा नॉइज एकाच फिल्टरने जातील.

आणि सर्वांत खात्रीचा उपाय: मोजताना पंप बंद ठेवा. ड्रायव्हरची व्होल्टेज वाढवणारी सर्किटसुद्धा बंद करा, नुसती लहर थांबवून भागत नाही.

नवशिका

मध्येच विचारतो. पीडीएमएस या मऊ सिलिकॉन रबरमध्येच पंप का नाही करत? वेगळा पंप लागणारच नाही. स्टॅनफर्डचा एक सूक्ष्म झडपांचा व्हिडिओ पाहिला होता.

डायाफ्राम

त्या झडपांवरचा स्टीफन क्वेक या संशोधकाच्या गटाचा शोधनिबंध २००० साली आला. मऊ पीडीएमएसचे दोन थर असतात, वरच्या थरात हवा भरली की खालचा चॅनेल दबतो. अशा तीन झडपा ओळीने उघडमिट केल्या की पंप तयार होतो. फार सुंदर काम आहे आणि प्रयोगशाळेत आजही वापरात आहे. पण चिप बोटाएवढी असली तरी तिला हवेचा दाब आणि सोलेनॉइड झडपांचा संच बाहेरून लागतो. हातपंपापाशी तो संच कोण नेणार? शिवाय पीडीएमएसमधून वायू आरपार जातात आणि पाण्याची वाफही निघून जाते. प्रमाणित द्रावण चिपमध्ये थांबून राहिलं तर ते घट्ट होत जाईल. या कामाला अ‍ॅक्रिलिकच योग्य.

विद्युत-परासरणाचा पंप कुणी सुचवण्याआधीच सांगतो: तो चालतो विद्युतक्षेत्रावर, आणि मिलिव्होल्ट मोजणाऱ्या सेन्सरच्या त्याच द्रवात व्होल्टेज लावणं मला मान्य नाही.

पीएचमीटर

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होतो, आता निवृत्त आहे. फ्लोराइड इलेक्ट्रोडशी माझा संबंध जुना. फ्रँट आणि रॉस यांनी हा स्फटिक १९६६ साली पुढे आणला, आणि माझ्या मते आयन-निवडक इलेक्ट्रोडांत काचेच्या पीएच इलेक्ट्रोडनंतर एवढा विश्वासू दुसरा नाही. त्याला त्रास देतो तो मुख्यतः हायड्रॉक्साइड. ॲल्युमिनिअम आणि लोह फ्लोराइडला बांधून ठेवतात. टिसॅब ही दोन्ही कामं करतं: पीएच ५ ते ५.५ ला धरतं आणि त्यातलं सीडीटीए लोह-ॲल्युमिनिअमला पकडून फ्लोराइड मोकळं करतं.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक. डायाफ्राम यांनी सांगितलेले ठोके काढून प्रवाह अगदी सरळ केलात तरी मिश्रण होणार नाही. एवढ्या लहान चॅनेलमध्ये रेनॉल्ड्स अंक पाच-सहा येतो. प्रवाह पूर्ण स्तरित. पाणी आणि टिसॅब शेजारी शेजारी, प्रत्येकी २५० मायक्रॉन रुंदीत वाहतात आणि एकमेकांत मिसळतात ते फक्त विसरणाने. फ्लोराइड आयनाला एवढं अंतर कापायला सुमारे २० सेकंद हवेत. तुमच्या चॅनेलमध्ये द्रव राहतो दीड सेकंद. वाहता वाहता मिसळायचं तर चॅनेल सुमारे ७० सेंटिमीटर लांब करावा लागेल. तळाला माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा पाडण्याची युक्ती आहे, स्ट्रूक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलेली, पण १०० मायक्रॉन खोलीत त्या खाचा मिल करणं तुमच्या यंत्राला झेपेल का ते पाहा.

दोन. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमचा संदर्भ इलेक्ट्रोड म्हणजे उघडी तार. तिचं विभव क्लोराइडवर ठरतं. टिसॅबमध्ये लिटरमागे ५८ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे १ मोलर. निम्मं मिसळल्यावर अर्धा मोलर. बोअरच्या पाण्यातलं क्लोराइड त्यापुढे नगण्य, म्हणून तार स्थिर राहील, असा तुमचा विचार असणार. विचार चांगला आहे, पण तो मिश्रणाचं प्रमाण पक्कं असेल तरच टिकतो. तुमचा सेल खरं तर फ्लोराइड आणि क्लोराइड यांचं गुणोत्तर मोजतो. समजा ५०:५० ऐवजी पाणी ४५ आणि टिसॅब ५५ झालं. फ्लोराइड दहा टक्के उतरलं, त्याच वेळी क्लोराइड दहा टक्के चढलं. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात. पाच मिलिव्होल्टहून जास्त फरक, म्हणजे उत्तर सुमारे १८ टक्के कमी. स्वतंत्र संदर्भ इलेक्ट्रोड असता तर दहा टक्क्यांवर भागलं असतं.

लक्षात ठेवायला सोपा आकडा: एकभारित आयनासाठी १ मिलिव्होल्ट म्हणजे ४ टक्के.

काचनळी

पीएचमीटर काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. गुणोत्तराची गोष्ट मी विद्यार्थ्यांना शिकवताना कधी अशी मांडली नव्हती, आता मांडेन.

प्रमाणच एवढं महत्त्वाचं असेल तर दोन स्वतंत्र पंप ही मुळातली अडचण आहे. इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान केंद्राने समुद्राच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणारं असंच चिपवरचं उपकरण बनवलं, त्यावरचं काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनीही अ‍ॅक्रिलिकच वापरलं, आणि पंप म्हणून सिरिंज. अनेक सिरिंजचे दट्टे एकाच मोटरने सरकतात. नमुना आणि अभिकारक यांचं प्रमाण सिरिंजच्या व्यासावर ठरतं. मोटर कमी-जास्त वेगाने फिरली, बॅटरी उतरली, तरी प्रमाण ढळत नाही. तुम्हाला दोन सारख्या सिरिंज आणि एक स्टेपर मोटर पुरेल. मी पिझोच्या बाजूने नाही.

डायाफ्राम

प्रमाणाच्या बाबतीत सिरिंज वरचढ, निर्विवाद. पण सिरिंज संपते, ती पुन्हा भरायला झडपा लागतात, आणि धुण्यासाठी भरपूर पाणी चिपमधून न्यायचं असतं तेव्हा ती मंद पडते. पिझो दोन ग्रॅमचा असतो आणि धुण्याचं काम झटपट करतो.

मधला रस्ता आहे. एकच पंप सेन्सरच्या नंतर बसवा आणि त्याने ओढा. पाणी आणि टिसॅब दोन सारख्या मापाच्या चॅनेलांतून आत येतील, प्रमाण चॅनेलांच्या रोधावर ठरेल. पंपाचे ठोके पडले तरी ते दोन्ही शाखांना एकाच वेळी लागतात. शिवाय नमुना पंपात शिरण्याआधी सेन्सरला भेटतो, त्यामुळे आधीच्या गावच्या पाण्याचा पंपात अडकलेला अंश पुढच्या मोजणीत येत नाही.

दोन सावधगिरी. टिसॅब पाण्यापेक्षा दाट आहे, त्यामुळे त्याची शाखा त्या मानाने आखूड ठेवावी लागेल. दोन्ही बाटल्यांतली पातळीही सारखी हवी: १० मिलिमीटरचा फरक म्हणजे १ मिलीबार, आणि एकूण २३ मिलीबारांत तो चार टक्के आहे.

थेंबभर

विजेचे उपाय केले आणि ओढायची पद्धतही करून पाहिली. नळाच्या पाण्यात आणि प्रमाणित द्रावणात सुरेख चालते, थरथर नाही, चढउतार नाही. पण यवतमाळहून आणलेल्या बोअरच्या नमुन्याला सेन्सरच्या खोलीत बारीक बुडबुडे दिसतात. जोड पुन्हा पुन्हा तपासले, गळती कुठेही नाही. आधी ढकलत होते तेव्हा ते क्वचित दिसायचे.

पीएचमीटर

नमुन्याची क्षारता किती आहे ते पाहा. ज्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त, ते पाणी बहुधा सोडियम-बायकार्बोनेट जातीचं असतं आणि त्यात कॅल्शिअम कमी असतं. कॅल्शिअम भरपूर असतं तर फ्लोराइड फ्लोराइटच्या रूपात खाली बसलं असतं. आता त्या पाण्यात पीएच ५ चं टिसॅब घातलं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो.

लिटरमागे ५०० मिलीग्रॅम बायकार्बोनेट धरा. निम्मं पातळ झाल्यावर त्यातून येणाऱ्या वायूचा दाब वातावरणाच्या एक दशांशाच्या आसपास जातो, म्हणजे शंभरेक मिलीबार. पाण्यात हवा आधीपासून विरघळलेली असतेच. दोन्ही मिळून वातावरणापेक्षा दाब जास्त झाला, त्यात तुम्ही ओढून दाब आणखी उतरवता, आणि मिल केलेल्या खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडा धरायला जागा मिळते. नळाच्या पाण्यात आणि प्रमाणित द्रावणात एवढं बायकार्बोनेट नाही, म्हणून तिथे दिसत नाही.

डायाफ्राम

हे माझ्या ध्यानात येणं शक्य नव्हतं, रसायनतज्ज्ञ धाग्यावर हवेतच.

बुडबुड्याची भीती किती बाळगावी तेही सांगतो. तुमच्या मापाच्या चॅनेलमध्ये अडकलेला बुडबुडा हलवायला पृष्ठताणामुळे १७ मिलीबारांपर्यंत दाब लागू शकतो. तुमचा एकूण कामाचा दाब २३. एक बुडबुडा एका शाखेत अडकला की प्रमाण गेलंच. स्फटिकावर बसला तर सर्किटच तुटतं. आणि बुडबुडा स्प्रिंगसारखा दबतो: १० मायक्रोलिटर हवा आणि तुमच्या चॅनेलचा रोध मिळून ०.१४ सेकंदाचा काल-स्थिरांक होतो. १०० हर्ट्झचे ठोके गुळगुळीत करायला एवढी हवा उपयोगी पडते, काही जण मुद्दाम तसा कप्पा ठेवतात. एकच पंप सगळा प्रवाह ओढतो तेव्हाच्या दीड हर्ट्झला तिचा जवळपास उपयोग नाही. मुद्दाम ठेवायचा तर हवेऐवजी मऊ सिलिकॉन नळीचा तुकडा ठेवा, तो विरघळून जात नाही.

काचनळी

बुडबुडा नेहमी शत्रूच असतो असं नाही. स्केग्जने १९५७ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोॲनालायझर या प्रयोगशाळेतल्या तपासणी यंत्रामध्ये नमुन्यांच्या मध्ये हवेचे बुडबुडे मुद्दाम सोडले होते, एकाचा अंश दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. १९७५ मध्ये रुझिका आणि हॅन्सन यांनी बुडबुड्यांशिवायची प्रवाही पद्धत मांडली. पण तिथे नळ्या मिलिमीटरच्या घरातल्या होत्या आणि बुडबुडे ठरल्या वेळी सोडलेले. इथे ते मनमानी येतायत, त्यामुळे या बाबतीत डायाफ्राम यांच्याशी सहमत.

बोरवेल_यवतमाळ

ताई, मी जिल्ह्यातल्या पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. सगळं वाचलं, हिशेब सगळे कळले असं नाही, पण गावात काय होतं ते सांगतो.

हातपंपाच्या पाण्यात गंजाचे कण असतात, उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बारीक रेतीही येते. तुमचा चॅनेल १०० मायक्रॉनचा, तो एका गावातच बंद पडेल. गाळणी पाहिजेच, आणि ती जलसुरक्षकाला हाताने बदलता आली पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी पेटी उन्हात राहते, तिचं तापमान किती जाईल ते धरून चाला. वापरलेलं टिसॅब विहिरीजवळ ओतू देऊ नका, त्यासाठी पेटीतच डबा ठेवा.

आणि आम्हाला २.३७ असा आकडा नको आहे. एकच्या खाली, एक ते दीड, दीडच्या वर, एवढं खात्रीने सांगा. हातपंपावर लाल खूण करायची की नाही ते आम्हाला त्यावरच ठरवावं लागतं, आणि लाल खूण झाली की बाया दूरच्या विहिरीवर जातात. चुकीची खूण म्हणजे त्यांची रोजची पायपीट.

थेंबभर

@बोरवेल_यवतमाळ, खूप आभार. तुमचा शेवटचा परिच्छेद प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावते आहे. गाळणीमुळे फ्लोराइड कमी होणार नाही ना, पीएचमीटर काका?

पीएचमीटर

सिरिंजला लावायची १०-२० मायक्रॉनची प्लास्टिकची जाळी चालेल. ॲल्युमिनाचं किंवा हाडांच्या कोळशाचं काही वापरू नका, ते पदार्थ फ्लोराइड काढायलाच वापरतात.

तापमानाचं त्यांनी बरोबर सांगितलं. स्फटिकाचा उतार, म्हणजे फ्लोराइड दहापट झालं की होणारा बदल, २५ अंशांना ५९.२ मिलिव्होल्ट, ४० अंशांना ६२.१. चिपमध्ये थर्मिस्टर बसवा. पण तेवढ्यावर विसंबू नका, संदर्भ तारही तापमानाबरोबर सरकते.

काचनळी

इथेच मला मूळ प्रश्नाचं उत्तर दिसतं. पंप कुठे बसवायचा यापेक्षा तो कशासाठी हवा, हे आधी ठरवू या.

रुग्णाच्या खाटेशेजारी रक्त तपासणारं आय-स्टॅट पाहा. त्याच्या काडतुसात सोडियम, पोटॅशियम, पीएच, ग्लुकोज यांचे सेन्सर असतात, आणि शिवाय प्रमाणित द्रावणाची एक सीलबंद पिशवी. काडतूस यंत्रात घातलं की यंत्र आधी ती पिशवी फोडतं, द्रावण सेन्सरांवरून नेतं, त्यांची रीडिंग घेतं आणि मगच रक्त पुढे ढकलतं. काही मिनिटांत निकाल. त्यात नेहमीच्या अर्थाचा पंपच नाही, यंत्राचा दांडा पिशव्या दाबतो. सेन्सर दिवसागणिक सरकला तरी चालतो, कारण प्रत्येक मोजणीच्या क्षणभर आधी त्याला खरं माप दाखवलेलं असतं.

तुमच्या पंपाचं मोलाचं काम हेच. त्याने १ मिलीग्रॅमचं आणि १.५ मिलीग्रॅमचं द्रावण नमुन्याच्या आगेमागे, त्याच तापमानाला, त्याच तारेसमोर आणून ठेवावं. मग नमुना या दोघांच्या मध्ये आहे, खाली आहे की वर, एवढंच पाहायचं. उतार, तापमान, तारेचं सरकणं, यांतलं बरंच वजाबाकीत जातं. यवतमाळच्या भाऊंना नेमकं हेच हवं आहे.

शून्यव्होल्ट

+१. आणि मिलिव्होल्ट मोजणाऱ्या, म्हणजे विभवमापी, पद्धतीत प्रवाह थांबवल्याने काही बिघडत नाही, कारण इलेक्ट्रोड फ्लोराइड खात नाही. अँपिअर मोजणारा सेन्सर असता, ग्लुकोजसारखा, तर गोष्ट वेगळी. सपाट चॅनेलमध्ये त्याचा करंट प्रवाहाच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो: प्रवाह दहा टक्के हलला की करंट सुमारे तीन टक्के हलतो. तिथे पंपाची स्थिरता हा सेन्सरचाच भाग धरावा लागतो.

डायाफ्राम

मान्य. मग मीही माझी ओढायची शिफारस बदलतो. मोजताना प्रवाह थांबणार असेल तर ठोक्यांचा प्रश्न उरत नाही, आणि या पाण्याला ढकलणंच बरं. मिश्रण चिपच्या बाहेर करा: कपात मोजून नमुना आणि टिसॅब, हलवा, थोडा वेळ उघडं ठेवा, कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ द्या. बफर असल्यामुळे पीएच ढळणार नाही. प्रमाण सिरिंजने ठरलं, काचनळींचं म्हणणं राहिलं. मग एकच पिझो पंप कपातलं तयार मिश्रण किंवा प्रमाणित द्रावण चिपमध्ये ढकलेल. बाहेर पडताना अरुंद नळीचा तुकडा लावा, म्हणजे सेन्सरच्या खोलीत दाब वातावरणापेक्षा थोडा वर राहील आणि उरलेला वायू विरघळलेलाच राहील.

थेंबभर

असा क्रम लिहिला आहे, चुकत असेल तर सांगा.

गाळलेला नमुना आणि टिसॅब सिरिंजने सारखं मोजून कपात, हलवून उघडं ठेवायचं. आधी १ चं प्रमाणित द्रावण (टिसॅबसह), पंप १०० हर्ट्झला, खोलीच्या आकारमानाच्या अनेक पट द्रव जाऊ द्यायचा. पंप आणि त्याचा ड्रायव्हर बंद. स्फटिक स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग रीडिंग. त्यानंतर नमुना तसाच. मग १.५ चं द्रावण. शेवटी पुन्हा १ चं, आणि पहिल्या व शेवटच्या रीडिंगमध्ये दोन मिलिव्होल्टहून जास्त फरक असेल तर उपकरणाने निकालच द्यायचा नाही, "पुन्हा करा" म्हणायचं.

प्रश्न उरतो झडपांचा. तीन द्रवांतून एक निवडायचा आहे.

पीएचमीटर

क्रम उत्तम. एक बदल सुचवतो: वेळेची किंवा मिनिटांची अट घालू नका. मिनिटाला ठरावीक मिलिव्होल्टपेक्षा कमी सरकलं की स्थिर, अशी अट घाला. एवढ्या सौम्य द्रावणात स्फटिकाला मिनिटभर सहज लागतं, थंडीत जास्त. आणि दोन मिलिव्होल्ट म्हणजे आठ टक्के, तुमची सीमा साडेदहा मिलिव्होल्ट रुंद आहे. एकावर आणा.

उघडी तार अर्धा मोलर क्लोराइडमध्ये सावकाश झिजते, सिल्व्हर क्लोराइड तिथे थोडं थोडं विरघळतं. ती बदलता येईल अशी बसवा.

डायाफ्राम

झडपांसाठी पिंच झडपा घ्या, सिलिकॉन नळी बाहेरून दाबणाऱ्या. द्रव फक्त नळीला लागतो, गंजाचा कण आला तरी झडप अडकत नाही, आणि नळी गावातही बदलता येते. न चालवता नळी मोकळी सुटेल अशी झडप निवडा. पेटी महिनाभर कपाटात राहिली आणि नळी दाबलेलीच राहिली तर तिला कायमची घडी पडते आणि पुढच्या वेळी ती पूर्ण उघडत नाही.

पंपाच्या आत मात्र गाळणी ओलांडून आलेला कण निष्क्रिय झडपेत बसू शकतो. दिवसाच्या शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने पंप पूर्ण वेगाला धुऊन, मग हवा ओढून कोरडा करा. टिसॅबमधलं मीठ आत सुकलं तर झडपा चिकटतात.

बोरवेल_यवतमाळ

ताई, ऊर्ध्वपातित पाणी तालुक्याला बॅटरीच्या दुकानात मिळतं, त्याची काळजी नको. पेटी तयार झाली की कळवा. प्रयोगशाळेत आधी तपासून घेतलेल्या काही बोअरची यादी आमच्याकडे आहे, एकच्या खालच्या, मधल्या आणि दीडच्या वरच्या. आकडे तुम्हाला न सांगता नमुने देतो, तुमचे निकाल आले की आपण ताडून पाहू.